भांडुपच्या पाचवीतला फसलेला बाजार

भांडुपला डोंगर आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या मेहकरच्या बाजूला मुंबई म्हटलं की समुद्र, आणि समुद्र म्हटलं की सपाट. त्यामुळे सोमवारी सकाळी रिक्षावाल्याने मला एका चढावर सोडलं आणि "मॅडम, आगे रिक्षा नहीं जाती, सीढ़ी है," म्हणाला, तेव्हा तो मला फसवतोय असंच वाटलं. मी दोन पिशव्या घेऊन चढू लागले. दोन्ही बाजूंना घरं एकावर एक बसवल्यासारखी. एकाच्या छपरावर दुसऱ्याची तुळस, तिसऱ्याच्या दारात निळा झेंडा, मध्येच दगडात कोरल्यासारखं किराणा दुकान. शाळेच्या फाटकाशी पोहोचले तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. आत मला तीस शिक्षकांसमोर बोलायचं होतं.

मी कशासाठी गेले होते ते आधी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत सात वर्षं शिकवलं. आता शिक्षकांसोबत काम करणाऱ्या एका गटात आहे. आम्ही शाळेत आठवडाभर राहतो, वर्गात मागे बसतो, आणि दुपारी शिक्षकांबरोबर बसून आज वर्गात काय झालं यावर बोलतो. भाषा, गणित, परिसर अभ्यास हे विषय वेगवेगळ्या डब्यांत न ठेवता एकत्र कसे गुंफता येतील, आणि पाठाची सुरुवात पुस्तकातून न होता मुलांकडून कशी होईल, हा आमचा विषय. माझे वडील बाजार समितीत हमाल होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. मला घडवलं ते शिक्षकांनी, म्हणून हे काम मी ऋण मानून करते. त्या आठवड्यात माझ्यामुळे एका चांगल्या शिक्षिकेचा वर्ग जाण्याची वेळ आली, म्हणून हे लिहायला बसले आहे.

सोमवार

पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत डबे उघडले. माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. समोर बसलेल्या पन्नाशीच्या बाईंनी आपला डबा माझ्याकडे सरकवला. आत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ.

"घ्या मॅडम. ट्रेनिंग देणाऱ्यांना आम्ही आधी खायला घालतो. मग ते कमी बोलतात."

या परब बाई. मूळच्या कणकवलीकडच्या, सासरे गिरणीत होते, गिरणी गेल्यावर कुटुंब डोंगरावरच्या या वस्तीत आलं. पाचवीचा वर्ग त्यांच्याकडे, तीस वर्षं याच शाळेत. त्या उठून गेल्यावर शेजारचे कांबळे सर माझ्याकडे झुकले. कांबळे सर मूळचे परभणीचे, राहायला मानखुर्दला, वयाने माझ्याएवढेच.

"बाईंना जपून घ्या हां मॅडम. त्यांची तीन वर्षं राहिलीत. संस्थेत वर बोलणं चाललंय, की पाचवी नव्या पद्धतीवाल्या कुणाला तरी द्यायची आणि बाईंना ऑफिसात बसवायचं. खिडकीत. दाखले लिहायला."

"आणि बाईंना काय हवंय?"

"त्यांना? वर्गातून रिटायर व्हायचंय. दुसरं काही नको त्यांना."

दुपारच्या बैठकीत मी माझा नेहमीचा आग्रह मांडला. रोज शाळा सुटताना पाच ओळी लिहा. काय जमलं त्याच्या नाही, काय जमलं नाही त्याच्या. एकाने विचारलं, "वेगळी वही करायची का?" मी म्हटलं, "कशाला आणखी एक वही? टाचणवहीतच लिहा, पाठाच्या खाली."

खोलीत जरा शांतता झाली. कांबळे सरांनी भुवया वर केल्या, पण काही बोलले नाहीत. मी त्या शांततेला संमती समजले.

आमच्याकडे टाचणवही, म्हणजे उद्या काय शिकवायचं याची आदल्या दिवशी लिहायची वही, ही फक्त माझी असे. केंद्रप्रमुख वर्षातून दोनदा येत, चहा घेत, शेवटच्या पानावर सही करत आणि पुढच्या गावाला जात. त्यामुळे त्या वहीत मी मनातलं काहीही लिहू शकायचे. इथे ती वही दर बुधवारी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर जाते, त्या तिची ओळन् ओळ वाचून लाल पेनाने शेरा देतात, आणि या महिन्याच्या वह्या शनिवारी संस्थेच्या कचेरीत जाणार होत्या, हे मला कुणी सांगितलं नाही. आणि मीही विचारलं नाही. मुंबईच्या शाळेत सगळं आमच्यापेक्षा मोकळं असणार, असं मी घरूनच ठरवून आले होते.

मंगळवार

परब बाई म्हणाल्या, "नुसतं बोलू नका. एक पाठ द्या. मी घेऊन दाखवते."

मी माझा सगळ्यात लाडका पाठ दिला, आठवडी बाजाराचा. गटागटाने मुलं दुकानं मांडतात, वजनं करतात, पाट्या लिहितात, घासाघीस करतात, आणि कुठली भाजी कुठल्या गावाहून आली ते नकाशात शोधतात. त्यात भाषा येते, गणित येतं, भूगोल येतो. आमच्या शाळेत या पाठाला मुलं घरून खरी वांगी घेऊन यायची. मी तर त्या बाजारातच वाढले. वडिलांच्या पाठीवरच्या पोत्यावरचा आकडा वाचत वाचत मला अंक आले.

बाईंनी पाठ माझ्या टिपणाप्रमाणे तंतोतंत घेतला. मुलं शहाण्यासारखी बसली. भाजीची चित्रं बाकांवर मांडली गेली. मग बाईंनी विचारलं, "बाजाराच्या दिवशी तुमच्या घरी काय काय घडतं?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी एक मुलगा म्हणाला, "बाई, बाजाराचा दिवस म्हणजे कुठला?"

"आठवड्यातून एकदा भरतो तो बाजार."

"एकदाच? मग बाकीच्या दिवशी काय खातात?"

वर्ग हसला. दुसरा म्हणाला, "ॲपवरून मागवत असतील ना यार." पुन्हा हसू. पहिल्या बाकावरची सानिका नावाची मुलगी तर सगळा तास कांद्याच्या चित्राकडे बघत बसली होती. तिला विचारलं, "तू काय विकणार?" तर म्हणाली, "तुम्ही सांगाल ते."

चाळीस मिनिटं संपली. मुलांनी बेरजा केल्या आणि त्या बरोबरही आल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी खाली पाहिलं.

संध्याकाळी आणखी एक घोळ झाला. मुलुंडच्या ज्या वसतिगृहात माझी सोय होती, तिथली खोली परीक्षेला आलेल्या मुलींना देऊन टाकली होती. फोनवर मी कुणाशी तरी हुज्जत घालत असताना परब बाईंनी माझी पिशवी उचलली. "चल माझ्याकडे. पाठ फसल्यावर माणसाने एकटं राहू नये." त्या क्षणापासून मी मॅडमची 'तू' झाले.

त्यांचं घर शाळेच्याही वर, एकशे चाळीस पायऱ्यांवर. दोन खोल्या, पण खिडकीतून पवईच्या बाजूचं पाणी चमकताना दिसतं. जेवायला बांगड्याचं तिखलं आणि भात होता. आमच्याकडे मासे म्हणजे धरणावरचे, तेही वर्षातून दोनदा. मी घास तोंडात घेतला आणि काट्यासकट थांबले.

"तुका काटे काढूक येनत नाय?" त्या माझ्या ताटावर वाकल्या. "अगो, असो नाय. बोटान उघड त्याका, वरसून खाली. माशाचो काटो खय आसा ता माशाक विचारूचा, पुस्तकाक नाय."

मग स्वतःच थांबल्या आणि मोठ्याने हसल्या. "बघ, आजचा पाठ इथेच होता."

जेवणानंतर त्यांनी टाचणवही काढली. मी सांगितल्याप्रमाणे पाच ओळी लिहायला बसल्या. लिहून माझ्यापुढे धरल्या. सुवाच्य, गोल अक्षर: 'आजचा पाठ फसला. मुलांनी उत्तरे दिली पण कुणी प्रश्न विचारला नाही. जो एक विचारला त्यावर आम्ही हसलो. बाजार मुलांचा नव्हता. तो पाहुण्या मॅडमचा होता.'

मला लागलं, पण ते खरं होतं. मी म्हटलं, "बाई, यापेक्षा चांगलं आत्मपरीक्षण मी वाचलेलं नाही." आणि वही त्यांना परत दिली. वही उद्या कुठे जाणार हे त्यांना ठाऊक होतं. मला नव्हतं.

बुधवार

पहाटे साडेपाचला मला हंड्यांच्या आवाजाने जाग आली. पाणी आलं होतं. बाईंच्या घरात नळ होता, पण धार करंगळीएवढी. खालच्या वळणावरच्या सार्वजनिक नळाला जरा जोर असतो, म्हणून आम्ही दोघी कळश्या घेऊन उतरलो. तिथे रांगेत सगळ्यात पुढे सानिका. कालची, कांद्याच्या चित्राकडे बघत बसलेली.

"काकू, तुमचे चार भरतील. पाचवा आणू नका, उगाच नंबर अडेल," ती एका बाईंना सांगत होती. "सहाला बंद होणार. एका हंड्याला सव्वा मिनिट लागतंय आज, काल एकच लागत होतं."

"आज जास्त का गं?" मी विचारलं.

"खालच्या गल्लीत कुणीतरी मोटर लावलीय," ती माझ्याकडे न बघताच म्हणाली. "ए नितीन, लायनीत ये रे! तुझा नंबर गेला!" मग वळून मला ओळखलं आणि जीभ चावली. "सॉरी मॅडम."

मी परब बाईंचा दंड घट्ट धरला. तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "काही बोलू नकोस. मीपण बघितलं. ह्या वेळी मला करू दे."

साडेबाराला शिपाई निरोप घेऊन आला: बाईंना आणि पाहुण्या मॅडमना मोठ्या बाईंनी बोलावलंय. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका दळवी मॅडम. टेबलावर टाचणवह्यांचा गठ्ठा होता आणि परब बाईंची वही वेगळी उघडी.

"तीस शिक्षकांना हे लिहायला सांगितलंत?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"एकोणतीस जणांनी काय लिहिलंय ते वाचा." त्यांनी वह्या एकेक करून उघडल्या. 'सर्व उद्दिष्टे साध्य झाली.' 'विद्यार्थ्यांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.' 'सर्व उद्दिष्टे साध्य झाली.' कांबळे सरांनीही तेच लिहिलं होतं. "आणि हे एक पान. 'पाठ फसला.' शनिवारी ही वही कचेरीत जाणार. तिथे आधीच कुणाच्या मनात काय आहे, ते परब बाईंना चांगलं ठाऊक आहे. त्यांना एवढा एक शब्द पुरेल."

मी म्हटलं, चूक माझी आहे, मी लेखी देते की पाठ माझा होता.

"पाठ तुझा असेल," परब बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्ग माझा होता."

दळवी मॅडमनी खणातून एक कोरा कागद आणि डिंकाची बाटली काढून ठेवली. वहीच्या पानांवर क्रमांकाचे शिक्के असतात, त्यामुळे पान फाडता येत नाही. पण वर कागद चिकटवून नवं लिहिता येतं. "सगळेच कधी ना कधी करतात. शुक्रवारी शाळा सुटेपर्यंत वेळ आहे. मी काही पाहिलं नाही."

त्या वाईट बाई नव्हत्या. तो कागद त्यांनी आपुलकीनेच दिला होता, हे मला आज जास्त कळतं.

बाहेर जिन्यात कांबळे सर वाट बघत होते. "वाट लागली ना? मला सोमवारीच बोलायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मग जिन्यात वर-खाली बघून, "मी नाही लिहू शकलो, मॅडम. माझं प्रोबेशन चालू आहे."

त्यांना काय म्हणणार? मी स्वतः नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत एकही खरी ओळ वरिष्ठांपुढे लिहिली नव्हती.

गुरुवार आणि शुक्रवार

गुरुवारी परब बाई वर्गात गेल्या. फळ्यावर एकच ओळ लिहिली, 'तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?' आणि खडू ठेवून शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. बाक लहान, आम्ही दोघी अर्ध्या बाहेर.

मग एकदम सगळा वर्ग.

"बाई, आमच्याकडे साडेपाच!"

"खोटं बोलतो, तुमच्याकडे सव्वापाच. तुमच्याकडे आलं की मग आम्ही उठतो."

"आमचं घर तुझ्या वर आहे."

"वर कुठंय? तुझ्या घराला नव्वद पायऱ्या, माझ्या घराला एकशे दहा."

"मोजल्यास का?"

"रोज हंडा घेऊन कोण चढतं, तू की मी?"

बाई उठायला लागल्या. मी त्यांचा पदर धरला. त्या बसल्या, पण गुडघा हलत राहिला. तीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाला बसणं किती अवघड असतं, ते मी त्या दिवशी शेजारून पाहिलं. दहाव्या मिनिटाला सानिका स्वतःच फळ्याशी गेली. तिने एका बाजूला पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला वेळ असे दोन रकाने आखले आणि ओरडली, "एकेकाने सांगा रे, सगळे एकदम नाही!" घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. ज्यांना पायऱ्या माहीत नव्हत्या, ते मोजून आणायचं कबूल करून गेले. आजीला विचारायचं ठरलं, नळ यायच्या आधी पाणी कुठून आणायचे. हे ठरवलं मुलांनी. बाईंनी फक्त "बरं" म्हटलं.

शुक्रवारी रकाने भरले. कुणी वस्तीचा नकाशा काढून आणला होता, कुणी आजीची विहीर लिहून आणली होती. आलेख काढल्यावर सगळ्यांनाच दिसलं की जितक्या पायऱ्या जास्त, तितकं पाणी उशिरा. मी खूश झाले. मनात म्हटलं, झालं, आता निष्कर्ष. तेवढ्यात नितीन उभा राहिला.

"पण बाई, टाकी तर आमच्या वर आहे. डोंगराच्या टोकाला. मग पाणी वरून येताना आमच्याकडे आधी यायला पाहिजे ना? खाली आधी कसं जातं?"

वर्ग बाईंकडे वळला. बाईंनी आलेख पाहिला, खिडकीतून टाकीकडे पाहिलं.

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

हे शब्द त्यांच्या तोंडून पाचवीने पहिल्यांदाच ऐकले असावेत. मुलं गोंधळली. आणि मग दाराकडे बघून एकदम उभी राहिली. दळवी मॅडम दारात होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"मोठ्या बाई, तुम्हाला माहितीये?" सानिकाने विचारलं.

दळवी मॅडमनी चष्मा काढला, पुसला. "नाही गं. कोणाला माहीत असेल?"

"चावीवाल्याला!" अर्धा वर्ग ओरडला. चावीवाला म्हणजे पाण्याची चावी सोडणारा पालिकेचा माणूस.

"मग त्यांना पत्र लिहा," दळवी मॅडम म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्यानंतरचा अर्धा तास चावीवाल्याला 'आदरणीय' लिहायचं की 'काका' यावर जे भांडण झालं, तो त्या आठवड्यातला भाषेचा सगळ्यात चांगला तास होता.

शाळा सुटल्यावर बाई आणि मी शिक्षक खोलीत बसलो. वही पुढे होती, कोरा कागद आणि डिंकही. मी म्हटलं, "बाई, चिकटवा. आता चांगलं लिहायला खूप आहे. कुणी नावं ठेवणार नाही."

त्यांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला. "मंगळवार झाकला, तर शुक्रवार कुठून आला म्हणून सांगू?" आणि त्याच कागदावर त्यांनी घरी न्यायच्या सामानाची यादी लिहिली. मग वहीत, फसलेल्या पाठाच्या समोरच्या पानावर, शुक्रवारच्या पाच ओळी. शेवटची ओळ: 'आज एक प्रश्न मला आला नाही. उत्तर शोधणे चालू आहे.'

शनिवार

सकाळी वही दळवी मॅडमपुढे ठेवली. त्यांनी दोन्ही पानं वाचली. लाल पेन बराच वेळ हातात धरला. मग मंगळवारच्या पानाखाली लिहिलं: 'वाचले. त्यानंतरचा पाठ स्वतः पाहिला.' आणि सही. वही गठ्ठ्यात गेली, गठ्ठा शिपायाबरोबर कचेरीत गेला. काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

निघताना बाईंनी सोलकढीची बाटली, कोकमाची पुडी आणि एक सूचना दिली. "बाटली उभी ठेव, नाहीतर गावभर गुलाबी होशील." कांबळे सर पिशवी घेऊन रिक्षापर्यंत उतरले. म्हणाले, "सोमवारी मी पण एक ओळ लिहीन म्हणतो. छोटीशी."

बाटली अकोल्याच्या आधीच आडवी झाली. माझा सगळ्यात चांगला ड्रेस अजून गुलाबी आहे.

घरी आल्यावर तीन आठवडे फोनची वाट पाहिली. मध्ये आमच्या आठवडी बाजारातही जाऊन आले. वडील आता हमाली करत नाहीत, पण बाजाराच्या दिवशी समितीच्या ओट्यावर जाऊन बसतात. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तू आपला बाजार डोक्यावर घेऊन त्यायच्या डोंगरावर चढली." मी मान हलवली, "हाव."

मग एका दुपारी बाईंचा फोन आला.

"ऐक गो. संस्थेचे साहेब आले होते वर्गात. ते पान वाचून आले होते. म्हणाले, हा फसलेला पाठ पुढे कुठे गेला ते बघायचंय. मी काय बोलणार? पोरांनीच दाखवलं. वर्ग माझ्याकडेच राहणार. तिन्ही वर्षं."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आणि चावीवाला पण येऊन गेला. पंप, वॉल्व, काय काय सांगितलं. पोरं म्हणतात अर्धं चूक सांगितलं. त्याला सोमवारी परत बोलावलंय." त्या हसल्या, आणि मग त्यांचा वर्गातला आवाज आला. "बरं, तीस जणांना लिहायला लावलंस. काय फसलं ते लिहा म्हणालीस. तुझं पान कुठंय?"

मी म्हटलं, "लिहितेय बाई. पाच ओळींपेक्षा जरा लांबलंय."